एस्पेरांतोतील उपसर्ग आणि प्रत्यय

एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत मोजक्या शब्दमुळांना उपसर्ग व प्रत्यय जोडून शब्दसंपत्ती वाढवली जाते. लुडविक झामेनहोफ यांनी या भाषेचे पहिले पुस्तक १८८७ मध्ये वॉर्सा येथे प्रसिद्ध केले. पाठांतराचा भार हलका व्हावा, या हेतूने त्यांनी सुमारे दहा उपसर्ग आणि सुमारे तीस प्रत्यय योजले. त्यांचे अर्थ ठरलेले असल्याने, पूर्वी कधीही न ऐकलेला शब्दही शिकणाऱ्याला स्वतः घडवता येतो आणि ऐकणाऱ्याला तो समजतो. आचार्य विनोबा भावे यांनी ही भाषा युगोस्लाव्हियाचे प्रवासी व लेखक तिबोर सेकेल्य यांच्याकडून शिकून घेतली होती.

स्वरूप

शब्दाची जात शेवटच्या स्वरावरून ओळखता येते. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', साधित क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ए' आणि क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी 'ई' येतो. या स्वरापूर्वी प्रत्यय आणि शब्दमुळापूर्वी उपसर्ग जोडतात. 'साना' म्हणजे निरोगी. विरुद्धार्थी 'माल' हा उपसर्ग लावला की 'मालसाना' (आजारी), व्यक्तिवाचक 'उल' जोडला की 'मालसानुलो' (रुग्ण) आणि स्थलवाचक 'एय' जोडला की 'मालसानुलेयो' (रुग्णालय) हे शब्द सिद्ध होतात.

उपसर्ग

'माल' हा सर्वाधिक वापरला जाणारा उपसर्ग होय. तो मराठीतील 'अ' किंवा 'अन्' यांप्रमाणे केवळ अभाव दाखवत नाही, तर थेट उलट अर्थ देतो. 'बोना' म्हणजे चांगला, 'नेबोना' म्हणजे चांगला नसलेला आणि 'माल्बोना' म्हणजे वाईट. 'मिस' हा मराठीतील 'गैर'ला जवळचा आहे : 'कोंप्रेनी' म्हणजे समजणे, तर 'मिसकोंप्रेनी' म्हणजे गैरसमज करून घेणे. 'प्रा' हा पूर्वीची किंवा नंतरची पिढी दाखवतो. 'आवो' म्हणजे आजोबा आणि 'प्राआवो' म्हणजे पणजोबा; संस्कृत 'प्रपितामह' शब्दातील 'प्र' याच अर्थाचा आहे. 'बो' हा उपसर्ग विवाहाने जुळलेले नाते सांगतो. 'फ्रातिनो' म्हणजे बहीण; मात्र 'बोफ्रातिनो' या एकाच शब्दात नणंद, मेहुणी आणि वहिनी या तिघी सामावतात.

प्रत्यय

'इल' साधन दाखवतो : 'त्रांची' म्हणजे कापणे आणि 'त्रांचिलो' म्हणजे सुरी. 'एत' लहानपणा आणि 'एग' मोठेपणा दाखवतो. 'लेग' या वाचनाच्या शब्दमुळापासून तीन वेगळी विशेषणे होतात : 'लेगेब्ला' म्हणजे वाचता येण्याजोगे, 'लेगिंदा' म्हणजे वाचण्यास योग्य आणि 'लेगेंदा' म्हणजे वाचलेच पाहिजे असे. मराठीतील 'नीय' हा प्रत्यय यांपैकी एकाहून अधिक छटा सांभाळतो. 'वाचनीय' या शब्दात योग्यता आहे, तर 'अवर्णनीय' या शब्दात शक्यतेचा नकार आहे.

मराठीशी तुलना

दोन्ही भाषांतील फरक शहरविषयक शब्दांत स्पष्ट दिसतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लोहमार्गावरील सलग शहरांची उदाहरणे घेता येतील. येथील रहिवासी अनुक्रमे उल्हासनगरकर, अंबरनाथकर आणि बदलापूरकर होत. एस्पेरांतोत या 'कर'चे काम 'आन' हा प्रत्यय करतो, म्हणून बदलापूरकर हा 'बदलापुरानो' ठरतो. मात्र मराठीतील 'कर' हा 'खोडकर' या शब्दात स्वभावही दाखवतो. एस्पेरांतोत स्वभावासाठी 'एम' हा निराळा प्रत्यय आहे.

उल्हासनगरातील 'नगर' व बदलापुरातील 'पूर' हे प्रत्यय नसून सामासिक शब्दांची उत्तरपदे आहेत. त्यांपासून नवे शब्द बनताना मुळातील स्वर बदलतो : 'नगर' पासून 'नागरिक', 'पुर' पासून 'पौर'. एस्पेरांतोतील 'उर्ब' हे मूळ मात्र अबाधित राहते : 'उर्बो' (शहर), 'उर्बानो' (नागरिक), 'उर्बेगो' (महानगर), 'उर्बेस्त्रो' (शहराचा प्रमुख). उल्हासनगर महानगरपालिकेचा महापौर आणि अंबरनाथ नगरपरिषदेचा नगराध्यक्ष या दोघांसाठी 'उर्बेस्त्रो' हा एकच शब्द पुरतो. पदांमधील कायदेशीर भेद त्यातून कळत नाही. 'महापौर' हा शब्द वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झाला. मराठीत घडवलेला शब्द टिकण्यासाठी अशी लोकमान्यता लागते. एस्पेरांतोत व्याकरणशुद्ध साधित शब्द वापरण्यासाठी कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.

शिकताना येणाऱ्या अडचणी

सकर्मक व अकर्मक क्रियापदे हा सर्वांत कठीण भाग मानता येईल. मराठीत 'तोडणे–तुटणे' अशा जोड्यांत मुळाचा स्वर बदलतो, तर 'बसणे–बसवणे' यात प्रत्यय येतो. एस्पेरांतोत 'इग' घडवून आणण्याचा आणि 'इज' आपोआप घडण्याचा अर्थ देतो. 'सिदी' (बसलेले असणे) हे मूळचे अकर्मक असल्याने 'सिदिगी' म्हणजे बसवणे. 'रोम्पी' (तोडणे) हे मूळचे सकर्मक असल्याने 'रोम्पिजी' म्हणजे तुटणे. त्यामुळे प्रत्यय पाठ असूनही प्रत्येक क्रियापदाचा मूळ स्वभाव लक्षात ठेवावाच लागतो.

दुसरी अडचण रूढीची आहे. नियम मोकळे असले तरी वापराने काही रूपे स्थिर झाली आहेत. 'मालसानुलेयो'च्या जोडीला 'होस्पितालो' हाही शब्द चालतो. 'माल'ची पुनरावृत्ती टाळण्यासाठी कवींनी काही स्वतंत्र विशेषणे आणली. 'मालगाया' (दुःखी) या शब्दाऐवजी येणारा 'त्रिस्ता' हे त्याचे उदाहरण. असे शब्द वाढले की पाठांतराचा भार पुन्हा वाढतो, म्हणून एस्पेरांतो भाषकांमध्ये त्यांविषयी मतभेद आहेत.