बेसिक केलंस का?

पाचपन्नास किल्ले पालथे घालून झाले की सह्याद्रीतल्या भटक्याला कुणीतरी हमखास विचारतं, ‘बेसिक केलंस का?’ बेसिक म्हणजे 28 दिवसांचा गिर्यारोहणाचा प्राथमिक वर्ग. तो शिकवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक उत्तरकाशीत आहे. 1965 साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था, सगळ्यांच्या तोंडी नुसती ‘निम’. 1984 मध्ये एव्हरेस्ट गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल इथेच शिकल्या.

आपल्याकडून गेलेल्याची पहिली खोड मोडते ती धावण्याची. रविवारी पहाटे निघून संध्याकाळी घरी परतायची सवय असलेल्याला तिथे मुद्दाम हळू चालायला लावतात. दिवसा उंचावर जायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. हा फुकटचा फेरा वाटतो खरा. पण विरळ हवेची सवय व्हायला शरीर त्याचा त्याचाच वेळ घेतं, तिथे दंडाची ताकद कामाला येत नाही.

सुरुवात उत्तरकाशीजवळच्या तेखलाच्या कातळावर होते. आठाच्या आकड्याची गाठ दहा मिनिटांत येते. तीच हातमोजे घालून, थकल्यावर, अंधारात बिनचूक येईपर्यंत मात्र बोटं सोलून निघतात. मुलांचे गट पाडतात, त्या गटालाही दोरासारखंच ‘रोप’ म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो.

पुढे डोकरियानी हिमनदी. इथे घसरायचं शिकवतात, म्हणजे घसरल्यावर थांबायचं. उतारावर स्वतःला सोडून द्यायचं, झटकन पालथं व्हायचं, हिमकुऱ्हाडीचं टोक बर्फात रुतवून छातीचा सगळा भार तिच्यावर टाकायचा. बुटांना क्रॅम्पॉनचे टोकदार दाते लावलेले असतील तर पावलं वर उचलून धरायची. घाबरलेला माणूस नेमका पाय रोवायला जातो. दाते बर्फात अडकतात आणि तो उलटा फेकला जातो. त्यामुळे डोकं, पाठ, पोट अशा सगळ्या बाजूंनी घसरवून घेतात, विचार करायच्या आत कूस बदलेपर्यंत.

पण प्रत्येक संकटावर अशी युक्ती नसते. 4 ऑक्टोबर 2022 रोजी निमच्या पुढच्या, म्हणजे ॲडव्हान्स वर्गाची तुकडी 5,670 मीटर उंचीच्या ‘द्रौपदी का डांडा-2’वर असताना हिमप्रपात कोसळला. 29 जण गेले. त्यांत सविता कंसवाल ही प्रशिक्षक होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सर केली होती. नवख्यांची चूक झाली असेल, असं म्हणून सुटायची सोय या अपघाताने ठेवली नाही.

ॲडव्हान्सला जायचं तर बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी लागते, म्हणून परतलेल्याला सगळे आधी श्रेणीच विचारतात. तो मात्र पुढच्या रविवारी कड्यावर स्वतःची गाठ दोनदा तपासतो, मग न विचारता शेजारच्याचीही. जुने सोबती वैतागतात. उजाडून तास झालेला असतो आणि अजून एकही जण खाली उतरलेला नसतो.