पिल्लांची ऊब: रवणीपासून बुखारीपर्यंत

थंडीत पिल्लं जगवणं हे पूर्वी माणसाचं काम नव्हतंच. कोंबडी खुडूक झाली की रवणीवर बसवायची, २१ दिवसांनी पिल्लं निघाली की रात्री डालग्याखाली झाकून वर गोणपाट टाकायचं. पुढचं ती बघायची. मात्र तिच्या पंखाखाली मावायची दहा-बारा, आणि त्यातली काही घारीच्या नि मुंगसाच्या वाट्याची.

गिरिराज, वनराज या कोंबड्यांच्या जाती गावात आल्या आणि हा संसार बदलला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, चार कप्प्यांत २५-२५ अशी १०० पिल्लं यायची. पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ती दोन दिवस दाणापाण्यावाचून तग धरतात. आई तेवढी खोक्यात नसायची. सुरुवातीला बऱ्याच जणांनी ही पिल्लं घरातच ठेवली. पण पिसं फुटू लागली की धूळ थेट भांड्यांवर बसते, त्यामुळे घरातल्या बायकांनी त्यांची रवानगी लवकरच गोठ्यात किंवा पडवीत केली.

तिथे खरा प्रश्न सुरू झाला. पत्र्याच्या दीडेक फूट उंच पट्टीचं गोल रिंगण करायचं. गोलच, कारण कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र, वर उलट्या टोपलीत टांगलेले बल्ब. पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब सगळ्यांना पाठ. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर क्वचितच असायचा, पण पिल्लंच सांगायची. बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी. कडेला जाऊन पंख सैल सोडले, चोची उघडल्या तर उकाडा. सगळी एकाच बाजूला दाटली तर समोरच्या फटीतून वारं येतंय. मला वाटतं, ही शेवटची खूण ओळखायला लोकांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. बल्ब वाढायचे, फट तशीच. मग कुणीतरी पडदे गच्च आवळायचा आणि सकाळी आत शिरल्यावर अमोनियाने डोळे चुरचुरायचे. खालून येणारं वारं अडवायचं आणि वर वीतभर जागा उघडी ठेवायची, एवढीच गोष्ट. पण ती अंगवळणी पडायला कित्येक हिवाळे गेले.

२००५ च्या पुढचं भारनियमन आलं तेव्हा बल्बवरचा सगळा भरवसा एका रात्रीत उडाला. वीज पहाटे, ऐन गारठ्यात जायची. कोळशाच्या शेगड्या बाहेर निघाल्या, पत्र्याच्या डब्यांच्या बुखाऱ्या झाल्या. बुखारीला धुराडं नसेल तर बंद शेडमध्ये वास नसलेला विषारी वायू साठतो आणि उजाडताना पिल्लं आडवी पडलेली दिसतात. ज्यांना परवडलं ते गॅस ब्रूडरकडे वळले.

२०१५ ला उजाला योजना आली आणि घरोघरी एलईडी लागले. पिवळा बल्ब नव्वद टक्के वीज उष्णतेत घालवतो म्हणून बदनाम झाला होता. पिल्लं जगत होती ती त्याच उधळपट्टीवर! एलईडीने रिंगण उजळलं, पण थंडच राहिलं. आता इन्फ्रारेड दिवे आले आहेत, उजेड न देणारे सिरॅमिक हीटरही. अंधारात ऊब मिळाली की पिल्लं रात्री झोपतात, एकमेकांना टोचत नाहीत. पण इन्फ्रारेड दिवा २५० वॅटचा, घरगुती इन्व्हर्टरवर तो फार वेळ चालत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत भरलेला सिलिंडर शेडबाहेर तयार ठेवण्याची सवय भारनियमन ओसरल्यावरही अनेकांनी सोडलेली नाही.