बैचांदी, कोदो अन् फोडणीचा भात: धारणीच्या चुलीवरचं शास्त्र

परतवाडा, सेमाडोह, हरिसाल मागे टाकून धारणीला पोचलं की मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर येतो. इथल्या कोरकू पाड्यांत आणि पेठेतल्या वऱ्हाडी घरांत अन्न धुण्याचं, वाळवण्याचं, टिकवण्याचं जे ज्ञान आहे, ते प्रयोगशाळेतही खरं उतरतं. काही जुन्या सवयी मात्र जिवावर बेततात. दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

ओढ्यानं वाहून नेलेलं विष

मेळघाटच्या जंगलात बैचांदीचा वेल असतो. त्याचा कंद कच्चा खाल्ला तर घसा जळतो, उलट्या होतात, जास्त पोटात गेला तर झटके येऊन माणूस दगावतोही. कारण त्यातलं डायोस्कोरीन. तरीही जंगलातली माणसं तो पिढ्यान् पिढ्या खात आली आहेत. कंद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवायच्या, मग कडक वाळवायच्या. डायोस्कोरीन पाण्यात विरघळतं आणि पाणी वाहतं असल्यानं निघून जातं. एकाच भांड्यात, पाणी न बदलता भिजत घातलं तर ते तिथंच राहील. वाहतं पाणी हवं हे ज्या कुणा आजीनं पहिल्यांदा ताडलं, तिला माझा दंडवत.

उपवासाला दुकानात मिळणारी बैचांदी ती हीच. आणि साबुदाणा? तो कसाव्याच्या कंदापासून होतो आणि त्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. किसणं, धुणं, वाळवणं, भाजणं यांत ती जातात. म्हणजे एकादशीच्या ताटात मुळातले दोन विषारी कंद, आणि दोन्ही माणसाच्या हातांनी निर्धोक केलेले! शाळेत रसायनशास्त्राचा पहिला धडा इथूनच सुरू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

हत्तींना भोवलेले कोदो

कोदो-कुटकी हे कोरकूंचं जुनं धान्य. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा शहरांनाही त्याची आठवण झाली. पण 2024 च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये अवघ्या तीन दिवसांत 10 जंगली हत्ती मेले आणि तपासणीत त्यांच्या पोटात सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं. हे विष कोदोचं नव्हे, कोदोवर वाढणाऱ्या बुरशीचं. कापणीच्या वेळी पाऊस झाला, धान्य ओलं राहिलं की बुरशी धरते. अशा कोदोचा भात खाल्ला की गरगरतं, उलट्या होतात, झोप अनावर होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ‘मदनकोद्रव’ येतो, म्हणजे ही ओळख फार जुनी.

म्हणून कोदो सोडू नका. नीट वाळवलेले कोदो टरफलासकट वर्षानुवर्षं टिकतात. वास कुबट आला, दाणा काळवंडला, तर मात्र ते पोतं माणसाला नको, कोंबड्यांना नको आणि बैलालाही नको.

मक्याचं तर याहून जपायला हवं. 1974 साली राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल या आदिवासी भागांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, त्यातले 106 दगावले. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन शिजवून जात नाही, भाकर खरपूस भाजली तरी नाही. धारणीत आज मका भरपूर पिकतो, म्हणून हा आकडा इथल्या प्रत्येक घराला माहीत हवा.

फोडणीनं भात शुद्ध होत नाही

रात्रीचा भात, सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीचा. चवीला तोड नाही. पण तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात झाकून ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि असं विष सोडतात जे फोडणीच्या आचेला दाद देत नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तर एक तासच धरेन. भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवा. लाइन गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दारामागे साधारण चार तास थंडावा टिकतो.

खारोड्या, मुगवड्या आणि कुरड्यांना असली भीती नाही. जिवाणूंना वाढायला पाणी लागतं आणि वैशाखाचं ऊन तेच काढून घेतं. लोणच्यात राखण करतं ते मीठ आणि आंबटपणा. वरचं तेल फक्त हवा अडवतं. म्हणून ओला चमचा बरणीत गेला की घात झालाच.

तांबं पाण्याला, कल्हई अंबाडीला

तांब्याच्या हंड्यात पाणी 16 तास ठेवलं तर जुलाबाचे जंतू मरतात, असं भारतीय संशोधकांनी 2012 साली दाखवून दिलं. पण अंबाडीची भाजी, ताक, चिंचेचं सार त्याच धातूत नको. आंबट पदार्थ तांबं-पितळ विरघळवतो आणि भाजी कळकते. पितळी भांड्याला कल्हई करायची ती याचसाठी.

तरोटा कोणता, कासविंदा कोणता

पहिल्या पावसानंतरची तरोट्याची कोवळी भाजी झकासच. त्याचा भाऊबंद कासविंदा मात्र वेगळा. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या ज्या आजाराला वर्षानुवर्षं मेंदूज्वर समजलं जात होतं, तो कासविंद्याच्या बिया खाल्ल्यानं होतो, हे 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी शोधून काढलं. तरोट्याच्या पानात गोल टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, कासविंद्यात टोकदार चार-पाच. रानात खेळायला जाणाऱ्या पोरांना हा फरक हातात पान देऊन शिकवा.

बाळाला मध नको

मेळघाटचा मध उत्तम आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या आतड्यात वाढतात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात. घुटीत मध घालायची पद्धत कितीही जुनी असो, ती थांबायलाच हवी.

शेवटी सगळं पाण्याशी येतं

जुलै 2022 मध्ये शेजारच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत लोकांनी उघड्या विहिरीचं दूषित पाणी प्यायलं, साथ पसरली आणि माणसं गेली. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडली का, हे ग्रामपंचायतीला विचारणं हा प्रत्येक गृहिणीचा हक्क आहे. घरात मेडिक्लोरचे थेंब ठेवा, नाहीतर पाणी खळखळून उकळा.

जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. आणि रानातलं काही खाऊन त्रास झाला, तर 108 ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना खाल्लेला कंद, पान किंवा बी सोबत न्या; डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.