कुत्र्याच्या पिल्लास चघळावयास काय द्यावें?

वस्तीवर राखणीसाठीं कुत्र्याचें पिल्लूं आणलें म्हणजे पहिले कांहीं दिवस तें सर्वांच्या कौतुकाचा विषय असतें. पुढें एके दिवशीं सकाळीं नव्या वहाणेचे तुकडे अंगणांत पडलेले दिसतात, डाळिंबाच्या बागेंतील ठिबकाची नळी कुरतडलेली सांपडते, आणि मग पिल्लाच्या पाठींत काठी बसते. आमच्या मतें येथें दोष पिल्लाचा नाहीं. ज्या पिल्लास चघळावयास योग्य वस्तु मिळत नाहीं, तें अयोग्य वस्तु शोधून काढतें, इतकाच याचा अर्थ. ती वस्तु वहाण असली तर थोड्या पैशांवर निभावतें. पण शिजलेलें हाड किंवा मेंढराचें कच्चें फुप्फुस असलें, तर पिल्लाच्याच नव्हे, तर घरांतील मुलांच्याही जिवाशीं गांठ पडते. सबब या लहानशा दिसणाऱ्या विषयाकडे आम्ही शेतकरी बंधूंचें लक्ष वेधूं इच्छितों.

दांत येण्याचा काळ.— पिल्लास तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दांत येऊं लागतात, व दोन महिन्यांच्या सुमारास ते २८ भरतात. चवथ्या महिन्याच्या आगेंमागें ते पडूं लागून सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दांत येतात. या काळांत हिरड्या शिवशिवतात व कांहींतरी चावल्यानेंच पिल्लास आराम पडतो. मारून ही संवय जात नाहीं. तिला योग्य वाट करून द्यावी लागते. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत व लगतच्या कर्नाटकांत कारवानी व मुधोळ जातीचीं कुत्रीं हौसेनें पाळतात. मुधोळ कुत्र्याचें चित्र टपाल खात्यानें २००५ सालीं तिकिटावर छापलें. अशा जनावराची कायमची दाढ एकदां तुटली कीं ती पुन्हां येत नाहीं.

वस्तूची परीक्षा.— कोणतीही वस्तु देण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, अंगठ्याचें नख दाबलें असतां त्या वस्तूवर खूण उमटावी, किंवा ती ओली होतांच मऊ पडावी. तसें न होणारी वस्तु दांतापेक्षां कठीण ठरते. दुसरी, ती पिल्लाच्या तोंडांत सबंध मावूं नये. तिसरी, ती तुटली तर टोकदार कपच्या निघूं नयेत. या तीनही कसोट्यांस उतरलेली वस्तुसुद्धां माणसाच्या देखतच द्यावी, आणि चघळून लहान झाली कीं काढून घ्यावी.

घरांतील चांगल्या वस्तु.— आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी या कामीं फार उपयोगी आहे. मीठ, तीळ वगैरे न घालतां जाड थापून ती पुरती वाळवावी. ती कुरकुरीत लागते, लाळेनें मऊ होते आणि पोटांत अडकत नाहीं. मात्र तिला शेंगाची चटणी लावूं नये. तींत लसूण असतो. आणि लसूण व कांदा हे कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नासवितात. जाड, सबंध गाजर थंड पाण्यांत ठेवून दिल्यास हिरड्यांस गारवा मिळतो. जुन्या सोलापुरी टॉवेलास पीळ देऊन मध्यें गांठ मारावी व तो भिजवून द्यावा. परंतु सुतें सुटूं लागतांच टाकून द्यावा, कारण गिळलेलें सूत आंतडें कापतें. विकतच घ्यावयाचें असेल, तर पिल्लाच्या तोंडापेक्षां मोठें, दाबलें असतां दबणारें रबरी खेळणें घ्यावें. शहरांतील दुकानांत कच्च्या चामड्याचीं 'हाडें' मिळतात. त्यांचा गिळलेला तुकडा पोटांत फुगून अडकतो, म्हणून तीं टाळावीं.

वस्तीवरील वाईट वस्तु.— शिजलेलें हाड, विशेषतः कोंबडीचें, सुईसारखें फुटतें व घसा किंवा आंतडें फाडतें. "आमच्या वाडवडिलांचीं कुत्रीं हाडांवरच वाढलीं," असें पुष्कळजण म्हणतात. परंतु जीं त्यानेंच मेलीं त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. बैलांस पत्री मारतात त्या जागीं पडलेले खुरांचे तुकडे कुत्रीं आवडीनें पळवितात. ते कठीण असून त्यांत खिळे मिसळलेले असतात. उंसाच्या कांड्याच्या साली धारदार निघतात व चिपाडांचा बोळा पोटांत बसतो. दाणे काढलेलें मक्याचें कणीस व आंब्याची कोय हीं आंतडें बंद पाडण्याविषयीं प्रसिद्ध आहेत. नान्नज, पंढरपूर, बार्शी या बाजूंच्या बागाइतदारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस विषासमान आहेत. त्यांतील टार्टरिक आम्ल याचें कारण असावें, असा पशुवैद्यांचा अलीकडचा कयास आहे. चिंचेंतही तें आम्ल पुष्कळ असतें. म्हणून चिंचही देऊं नये. औषध चोळलेलें बियाणें व उंदराचें विष कुत्र्याच्या वाऱ्यासही ठेवूं नये, हें सांगणें नको.

कच्चें काळीज व फुप्फुस.— सांगोला, मंगळवेढ्याकडे मेंढरें पुष्कळ. जत्रेंत किंवा घरीं मेंढरूं कापलें कीं गांठी असलेलें काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढें टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या पाण्यानें भरलेल्या गांठींत एका बारीक पट्टकृमीचीं पिल्लें असतात. तीं कुत्र्याच्या आंतड्यांत वाढतात, आणि त्यांचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडून कुत्र्याच्या केसांस, मातीस व भाजीस लागतात. कुत्र्याशीं खेळून हात न धुतां जेवणाऱ्या मुलाच्या पोटांत तीं गेलीं, म्हणजे त्याच्या यकृतांत किंवा फुप्फुसांत तशीच गांठ वर्षानुवर्षें वाढत राहते. पुष्कळदां शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्रें मात्र धडधाकट दिसतें, म्हणून कोणास संशय येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत आइसलंड बेटांत हा रोग फार माजला होता. डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे यांनीं १८६३ सालीं तेथें जाऊन कुत्र्यांची तपासणी केली. पुढें शेतकऱ्यांस समजेल अशी पुस्तिका घरोघर वाटली गेली, कुत्र्यांस कच्चीं आंतडीं घालणें बंद झालें, व विसाव्या शतकांत रोग तेथून नाहींसा झाला. जें त्या शेतकऱ्यांस साधलें तें आपणांसही साधेल. असे अवयव कुत्रें उकरणार नाहीं इतके खोल पुरावे, किंवा अर्धा तास चांगले उकळावे. आणि कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें नियमानें जंताचें औषध द्यावें.

घशांत हाड अडकलें कीं पिसाळी?— पिल्लानें सारखी ओकारी केली, खाणें सोडलें, पोटास हात लावूं देईना, तर घरगुती उपाय न करतां पशुवैद्याकडे न्यावें. शेपटाखालीं सूत लोंबतांना दिसल्यास ओढूं नये. मात्र जबडा लोंबतो, लाळ गळते व गिळतां येत नाहीं, अशा कुत्र्याच्या घशांत हाड अडकलें असावें असें समजून कोणी तोंडांत हात घालूं नये. पिसाळलेलें कुत्रें कधीं कधीं अगदीं असेंच दिसतें. लहान पिल्लूं पिसाळत नाहीं, हा समजही घातक आहे. पिल्लास तीन महिन्यांचें होतांच लस टोंचावी, व पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां ती पुन्हां द्यावी. लस न दिलेल्या पिल्लाचा दांत खेळतांना लागला, तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा.

तात्पर्य, पिल्लास चघळूं द्यावें, पण काय चघळावें हें मालकानें ठरवावें. एक वाळलेली भाकरी व एक गाजर यांस खर्च तो काय? मेंढरूं कापण्याच्या दिवशीं एक खड्डा खणण्यास श्रम ते किती? एवढें ज्यानें केलें, त्याच्या दाराशीं दुसऱ्या वर्षीं निरोगी राखणदार उभा राहील, आणि त्याच्या अंगणांत मुलें निर्धास्त खेळतील.