नव्या इमारतीतील छतस्थ ध्वनिक्षेपण यंत्रणा : तारजोडणीचे शास्त्र व मंडणगड परिसरातील विचार

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्यात अलीकडच्या काळात सार्वजनिक उपयोगाच्या नव्या इमारती उभ्या राहत आहेत. मंडणगड येथील न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. न्यायालयातील पुकारा असो, रुग्णालयातील तातडीची हाक असो वा महाविद्यालयातील परीक्षेची सूचना असो, ती प्रत्येक कोपऱ्यात स्पष्ट ऐकू जाणे ही अशा इमारतींची मूलभूत गरज आहे. तथापि, ध्वनिक्षेपण यंत्रणा ही बांधकाम संपल्यावर खरेदी करावयाची वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तिचे यशापयश स्लॅब व गिलाव्याच्या टप्प्यावरच ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तारजोडणीचे विवेचन केले आहे.

शंभर व्होल्ट वाहिनीचे तत्त्व :
घरगुती स्पीकरचा विद्युतरोध साधारणपणे ८ ओहम असतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून १०० मीटर अंतरावर १२० वॅट शक्ती पोहोचवावयाची आहे, असे मानू. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन २०० मीटर लांबीचा रोध सुमारे ३.५ ओहम होतो. भार ८ ओहमचा असल्यास एकूण शक्तीपैकी सुमारे ३० टक्के शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

यावर उपाय म्हणून अ‍ॅम्प्लिफायरकडून १०० व्होल्टपर्यंतच्या दाबाने ध्वनिसंकेत पाठविला जातो व प्रत्येक स्पीकरवरील छोटा ट्रान्सफॉर्मर तो दाब उतरवून घेतो. विद्युत मंडळाच्या उच्चदाब वाहिन्यांमागील तत्त्वही हेच आहे. या पद्धतीत १२० वॅटचा भार ८३ ओहमचा भासतो आणि त्याच तारेतील हानी सुमारे ४ टक्क्यांवर येते. शिवाय सर्व स्पीकर समांतर जोडले जात असल्याने एक बंद पडला तरी इतर चालू राहतात.

ट्रान्सफॉर्मरवर १.५, ३, ६ वॅट असे निरनिराळे टप्पे दिलेले असतात. ३ वॅटवर जोडलेल्या ४० स्पीकरांची बेरीज १२० वॅट होते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा, या व्यावहारिक नियमानुसार येथे १५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल.

स्पीकरांची मांडणी :
छताची उंची ३ मीटर व बसलेल्या व्यक्तीच्या कानाची उंची १.२ मीटर धरल्यास अंतर १.८ मीटर उरते. ९० अंशांत ध्वनी पसरविणारा स्पीकर त्या पातळीवर ३.६ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. त्यामुळे दोन स्पीकरांतील अंतर साधारण तेवढेच ठेवावे. मोजके स्पीकर मोठ्या आवाजात लावण्यापेक्षा अधिक स्पीकर मंद आवाजात लावणे श्रेयस्कर ठरते. त्यामुळे प्रतिध्वनी घटतो व शब्द स्पष्ट राहतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतालचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, हेही येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

तारजोडणीतील पथ्ये :
स्पीकरच्या तारांसाठी स्वतंत्र कॉन्ड्युट पाइप स्लॅब ओतण्यापूर्वीच टाकावेत. २३० व्होल्टच्या विद्युत तारा त्याच पाइपमधून नेऊ नयेत. जेथे ओलांडणे अपरिहार्य असेल तेथे काटकोनात ओलांडावे. मायक्रोफोनची तार कवचयुक्त असावी व ती स्पीकरच्या तारेपासून दूर ठेवावी. सर्व स्पीकरांचे धन व ऋण टोक एकाच क्रमाने जोडावे, अन्यथा शेजारील स्पीकरांचे ध्वनी परस्परांना क्षीण करतात. प्रत्येक मजल्याचा विभाग स्वतंत्र असावा.

खोलीत आवाज कमी-जास्त करण्याचे बटण बसविल्यास त्याला वळसा घालणारी जादा तार व रिले आवश्यक आहे. अन्यथा कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवलेल्या बटणामुळे आगीची सूचनाही त्या खोलीत पोहोचणार नाही. गिलाव्यानंतर ही जादा तार टाकणे अत्यंत खर्चिक होते.

कोकणातील दमट हवेत कागदी पडद्याचे स्पीकर लवकर खराब होतात. म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या पडद्याचे स्पीकर निवडावेत. सांधे पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी बंद जोडपेटीत घ्यावेत. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली तालुक्यांत अनेक दिवस वीजपुरवठा खंडित होता. हा अनुभव लक्षात घेता २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालू शकणारा अ‍ॅम्प्लिफायर ही चैन नसून गरज आहे.

चाचणी :
फॉल्स सीलिंग बंद करण्यापूर्वी प्रत्येक विभागाचा रोध इम्पीडन्स मीटरने मोजावा. साधा मल्टिमीटर केवळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा रोध दाखवितो, म्हणून तो येथे दिशाभूल करतो. उपरोक्त उदाहरणातील सर्व स्पीकर एकत्र जोडले असता वाचन ८३ ओहमच्या आसपास यावे. ते बरेच कमी आल्यास चुकीचा टप्पा वा तारांचा आपसातील स्पर्श, तर जास्त आल्यास सुटलेला सांधा संभवतो. वाचन ६७ ओहमच्या खाली गेल्यास १५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर अतिभार येतो. १०० व्होल्टचा दाब शरीरास धोकादायक असल्याने काम करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा.

समारोप :
भारतीय मानक १८८१ मध्ये इमारतींतर्गत ध्वनिक्षेपण यंत्रणेच्या उभारणीची कार्यसंहिता उपलब्ध आहे. बांधकाम समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी नकाशा मंजूर करतानाच स्पीकरांच्या जागा, पाइपांचे मार्ग व विभाग यांचा आराखडा मागवावा आणि काम पूर्ण झाल्यावर रोधाची वाचने लेखी स्वरूपात घ्यावीत. एरवी ही यंत्रणा कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु संकटाच्या क्षणी इमारतीतील माणसांपर्यंत पोहोचणारा पहिला आवाज तिचाच असतो, आणि तो पोहोचेल की नाही हे भिंतीला गिलावा होण्यापूर्वीच निश्चित झालेले असते.