जवारी कुणाच्या कानाची?

जवारी काढायला आलेला तंबोरा हातात घेतल्यावर मिरजेचा कारागीर आधी तार छेडत नाही, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पाहतो. तारा सैल करून घोडी मोकळी करायची, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायची आणि दारातून येणारा उजेड तिच्या पाठीवरून कसा सरकतो ते निरखायचं. रोजच्या रियाजाने तारांनी तिथे बारीक चऱ्या पाडलेल्या असतात. त्या चरीत तार रुतून बसली की आवाज कोंडतो. स्वर बरोबर असतो, पण त्याच्याभोवती जो झंकार फुलायला हवा तो फुलत नाही. तो पुन्हा उघडावा म्हणून घोडीची पाठ घासून घेणं म्हणजे जवारी काढणं.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मी हे काम जवळून पाहिलं. भिंतीला टेकवलेले भोपळे, लाकडाचा भुसा, रंग आणि लाखेचा वास आणि मधोमध मांडी घालून बसलेले चाचा. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभा राहिला. फरीदसाहेबांचं नाव त्याच्या आरंभाशी जोडलं जातं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातली ही माणसं, हत्यारांचं काम सरल्यावर वाद्यांकडे वळली. भोपळे आजही पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात, लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड, भोपळा, दांडी या गोष्टी कागदावर नीट मांडता येतात. चाचांच्या हातात या क्षणी जे चाललं आहे, ते मांडणं अवघड.

ते सपाट कानस घोडीच्या पाठीवर फिरवतात. जोर नाहीच, नुसतं वजन. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तारेच्या दिशेने तिला अतिशय हलका उतार असतो आणि त्या उतारावरच सगळं अवलंबून. कानशीनंतर पॉलिश पेपर, मग फडक्याने पुसणं. घोडी परत जागेवर, तारा चढवल्या, स्वर जुळवला आणि मग सुताचा दोरा. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून चाचा तो नखाने पुढेमागे सरकवतात. बराच वेळ काही होत नाही. मग एका जागी तार एकदम उघडते. केसभर पुढे नेला तर आवाज चरचरतो, केसभर मागे आणला तर मिटतो.

तंबोरा जिचा, ती गायिका समोर बसलेली. पट्टी काळी चार.

“ताई, सा लावा.”

ती सा लावते. चाचा तारा छेडत राहतात, पण त्यांचं लक्ष तारांकडे नाही, तिच्या आवाजाकडे आहे.

“चाचा, पंचम फार पुढे येतोय. मी कुठे उभी राहू?”

“खुली झाली जरा. थांबा.”

पंचमाच्या तारेखालची जागा पुन्हा घासली जाते. घोडी एक असली तरी प्रत्येक तारेची वाट वेगळी घासावी लागते, कारण खर्जाची पितळी तार जाड, तर जोडाच्या पोलादी तारा बारीक. जोडाच्या दोन तारांचा नुसता स्वर जुळून भागत नाही, त्यांचा झंकारही सारखा लागतो. एक खुली आणि दुसरी बंद राहिली तर एकाच स्वरात दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं.

संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण शिकवतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिले दोन मोजायला सोपे. एकाच उंचीचा, तितकाच मोठा स्वर सनईतून आला की सारंगीतून, हे ओळखू येतं ते तिसऱ्या गुणामुळे. जवारी हे या तिसऱ्या गुणाचं काम आहे.

तिच्या मुळाशी काय आहे, हे भौतिकशास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नेमकं मांडलं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, कलकत्त्यात, १९२१ साली. थॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडली तो बिंदू ज्या उपस्वरांत स्थिर असतो, ते उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्याची तार आपण साधारण मध्यावर छेडतो. म्हणजे वरच्या षड्जासकट सगळे सम क्रमांकाचे उपस्वर जवळजवळ गायब असायला हवेत. प्रत्यक्षात ते ठसठशीत ऐकू येतात. रामन यांनी याचं कारण घोडीच्या पसरट, वळणदार पाठीत शोधलं. तिथे तार एका बिंदूवर टेकत नाही. कंप पावताना ती उताराला लागते, सुटते, पुन्हा लागते आणि प्रत्येक स्पर्शाबरोबर वरच्या उपस्वरांना नव्याने बळ मिळतं. म्हणून नीट जुळलेल्या खर्जातून कुणी न छेडलेला गंधार उमलतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर.

पुढच्या संशोधकांनी दोऱ्याचंही गणित मांडलं. फ्रान्समध्ये व्हॅलेट आणि क्युएस्टा यांनी दोरा आणि घोडीची कड असे दोन आधार धरून तारेचा विचार केला. तार थोडी ताठ असते, त्यामुळे उच्च कंपनांच्या लहरी तिच्यातून जरा वेगाने धावतात. त्या आणि हे दोन आधार मिळून झंकाराला हळूहळू सरकणारा आकार देतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तर संगणकावर तंबोऱ्याचं प्रारूप उभारलं. त्यात दोऱ्याची जागा आकडा बदलून सरकवता येते. चाचा नखाने जे करतात ते तिथे आकड्याने होतं आणि आवाज खरोखर उघडतो. मात्र कुठे थांबायचं, हे प्रारूप सांगत नाही.

थांबायचं कुठे, हा प्रश्न दोन वाद्यं एकत्र आली की आणखी गुंतागुंतीचा होतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात स्टीफन मॅकअ‍ॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली ‘अ‍ॅक्टर’ नावाचा मोठा प्रकल्प चालतो. वाद्यवृंदातले आवाज कसे मिसळतात, कसे वेगळे उठून दिसतात, याचा अभ्यास तिथे रचनाकार, वादक, मानसशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ मिळून करतात. या क्षेत्रातल्या प्रयोगांतून दिसलेली एक गोष्ट अशी की, एकाच क्षणी सुरू होणारे आणि फार चमक नसलेले आवाज एकमेकांत सहज विरघळतात. तंबोऱ्यात तारा एकामागून एक छेडल्या जातात, एकत्र नव्हे. तरीही एक अखंड पडदा तयार होतो, कारण पहिल्या तारेचा झंकार ओसरायच्या आत दुसरीचा चढलेला असतो. चमकेची बाब मात्र मिरजेत अगदी ओळखीची. गायिकेच्या मागे दोन तंबोरे बसणार असतील तर ती चाचांना सांगते, “दुसरा जरा बंद ठेवा.” दोन्ही खुले असले तर तिच्या आवाजाला जागाच उरत नाही.

असं एकत्र बसून केलेलं संशोधन या भागाला नवं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं आपलं पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केलं, तेव्हा स्वर मोजण्यासाठी त्यांना गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. डेप्युटी कलेक्टर राहिलेला एक अभ्यासक आणि किराणा घराण्याचा गवई, दोघांनी मिळून आकडे काढले. त्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. पण त्यांचा विषय स्वराची उंची हा होता, पोत नव्हे. उंची दोघांना मान्य असणाऱ्या मापाने ठरवता येते. पोताचं माप गाणाऱ्यागणिक बदलतं. मिरजेत राहिलेले खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती आणि जवारी जाणत होते, म्हणजे एकाच माणसात हात आणि गळा दोन्ही होते. बहुतेकांना मात्र ते दोन माणसांत वाटून घ्यावे लागतात.

या वाटणीत आता अंतर पडलं आहे. तंबोरे परदेशी जातात, दुसऱ्या राज्यांत जातात, मागणी फोनवर येते. गायक पट्टी लिहून पाठवतो, पैसे पाठवतो आणि वाद्य गवसणीत, पेटीत बंद होऊन रवाना होतं. पट्टीवरून तारेचा ताण कळतो. आवाज रुंद आहे की टोकदार, गाणारा षड्जावर विसावतो की त्याला हलका स्पर्श करून निघून जातो, हे कळत नाही. त्यामुळे चाचा घोडीला कानस लावण्याआधी गाण्याचं रेकॉर्डिंग मागवून घेतात आणि ते चालू ठेवून जवारी काढतात. वाद्य पोहोचलं की फोनवर गायकाला दोरा सरकवायला शिकवतात: आधी खर्ज, मग जोड, पंचम शेवटी. वाटेतल्या हवेने आणि ताणाने दोऱ्याची जागा थोडी बदललेलीच असते, आणि शेवटचं ते केसभर अंतर गाणाऱ्याने स्वतःच्या षड्जावरच ठरवायचं असतं.