शनिवार-रविवारचा डोंगर : मुलं मित्रांबरोबर मुक्कामाला निघाली तर...



दिवाळीची सुट्टी संपते, हवेत गारवा येतो आणि अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या घरात एक संवाद हमखास ऐकू येतो. "आम्ही सहाजण शनिवारी गडावर चाललोय, तंबू लावून राहणार, रविवारी संध्याकाळी परत." यावर पालकांची उत्तरं दोनच असतात. एक, "काही नको जायला." दुसरं, "जा, पण जपून." पहिल्या उत्तरानंतर काही मुलं 'मित्राकडे अभ्यासाला' जातात आणि मग ती कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या उत्तरात 'जपून' म्हणजे नेमकं काय, हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असतं ना ऐकणाऱ्याला.

मला वाटतं, परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी पालकांनी एकच गोष्ट मागावी : कागदावर लिहिलेला बेत. डोंगरावरच्या मुक्कामात जे बिघडतं त्यातलं बरंचसं शुक्रवारी घरीच बिघडलेलं असतं. निघायला उशीर, पाणी कमी, वाट कुणालाच माहीत नाही. हा बेत वाचायचा कसा, ते आज पाहू. (दहावीच्या आतल्या मुलांबरोबर मात्र डोंगर माहीत असलेला मोठा माणूस हवाच. त्यावर चर्चा नको.)

उदाहरणासाठी राजमाची घेऊ. बोरघाटावर लक्ष ठेवणारा हा जुना किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी माचीवर उधेवाडी हे गाव आहे. पहिल्या मुक्कामासाठी मी राजमाचीच सुचवते, आणि कारण ते गाव. वर माणसं आहेत, घरगुती पिठलं-भाकरी मिळते, पाणी मिळतं, आणि रात्री कुणाचं पोट दुखलं तर दार ठोठवायला दार आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा कितीही खुणावत असला तरी तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

राजमाचीला जायच्या दोन मुख्य वाटा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटरची, बरीचशी सपाट. दुसरी कर्जतकडून, कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांवरून जाणारी. अंतर कमी, पण चढ अंगावर येणारा. मुलांना विचारा, "किती वेळ लागेल?" उत्तर येईल, "गुगलवर तीन तास दाखवतंय." इथून गणिताचा तास सुरू होतो.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा हिशोब सांगितला. आजच्या मापात तो असा : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 6 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असेल तर 1 तास 12 मिनिटं अधिक 1 तास, एकूण 2 तास 12 मिनिटं. पण हा हिशोब सराव असलेल्या माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. पाठीवर दहा किलोची सॅक, मध्ये फोटो, डबा, कुणाच्या तरी बुटाची नाडी... मुलांसाठी याची दीडपट धरा आणि वर थांबण्याचा वेळ वेगळा. लोणावळ्याची तीन तासांची वाट अशी पाच-साडेपाच तासांची होते.

आता दुसरी बाजू मांडा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दरीत, झाडीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. तंबू उजेडात लावायचा तर चारपर्यंत पोचायला हवं. चारातून साडेपाच तास वजा करा. म्हणजे साडेदहाला चालायला सुरुवात. "दुपारी जेवून निघू" म्हणणारा बेत इथेच नापास होतो, आणि तो आई-बाबांनी नाही तर वजाबाकीने नापास केलेला असतो. मुलांना हे पटतं. वर्गात फळ्यावर हा हिशोब मांडला की मागच्या बाकावरूनच आवाज येतो, "बाई, मग साडेसहाची गाडी पकडावी लागेल."

पुढचा हिशोब वजनाचा. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या, फार तर चौथ्या हिश्श्याएवढी असावी, असा साधारण नियम आहे. 45 किलोच्या मुलीसाठी 9 ते 11 किलो. चालायच्या दिवसाचं पाणी माणशी 3 ते 4 लिटर, म्हणजे तेवढेच किलो गेले. तिघांच्या तंबूचं वजन तीनेक किलो असेल तर कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, खुंट्या-दोऱ्या तिसऱ्याकडे. मग ब्लूटूथ स्पीकर, दोन जीन्स आणि चिप्सची सहा पाकिटं कुठे बसवायची ते त्यांनाच ठरवू द्या. पाणी कमी करून मात्र जागा करायची नाही. वाटेवर पाणी आहे की नाही हे गावात विचारून कळतं. दिवाळीनंतर वाहणारे झरे फेब्रुवारीत आटलेले असतात.

तंबू कुठे लावायचा, हा प्रश्न मला विज्ञानाच्या तासासाठी फार आवडतो. थंड हवा जड असते. निरभ्र रात्री जमीन उष्णता टाकते, जमिनीलगतची हवा गार होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत खोलगट जागी साठते. म्हणून वाऱ्यापासून आडोसा म्हणून निवडलेला खळगाच पहाटे सगळ्यात गार लागतो. थोडी उंच, सपाट, पण कड्यापासून लांब जागा बघायची. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही, वाळलेल्या झाडाखाली नाही. आणि "आत पाऊस आला" अशी तक्रार सकाळी कुणी केली तर ते पाणी आपल्याच श्वासातलं असतं. तंबूची जाळी बंद केली की आतली वाफ गार कापडावर थिजते. जाळी थोडी उघडी ठेवायची, चेन मात्र पूर्ण लावायची.

अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा अंगाखाली जाड मॅट असणं महत्त्वाचं. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. मात्र थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत आणायचे नाहीत. हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या. बंद जागेत अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जाग येत नाही.

जाळाविषयी आणखी थोडं. 'कॅम्पफायर' शिवाय मुक्काम कसला, असं मुलांना वाटतं, त्यात चित्रपटांचा वाटा मोठा. पण डिसेंबरनंतर सह्याद्रीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा, आणि त्यात पाखरांची घरटी, गुरांचा चारा, गावाची गंजी, सगळं जातं. शिवाय धुराने आग्या मोहोळ उठतं. गडाच्या कड्याला लटकलेली ही मोठी पोळी धुराने, उग्र सेंटच्या वासाने, दगड मारल्याने बिथरतात आणि माशा माणसाला दूरवर पाठलाग करून डसतात. गावातल्या चुलीजवळ बसून जेवा. गप्पा तिथे जास्त रंगतात, आणि चार पैसे त्या घराला मिळतात.

सापांबद्दल पालक घाबरून विचारतात, मुलं हसून. दोन्हीचा उपयोग नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावं मुलांना माहीत हवीत. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश इतका बारीक की कित्येकदा कळत नाही. म्हणून उघड्यावर न झोपता चेन लावलेल्या तंबूत झोपायचं, रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि बूट, आणि सकाळी बूट झटकून घालायचे. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग न हलवता, माणसाला चालायला न लावता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. 108 आणि 112 हे दोन नंबर कागदावर लिहिलेले हवेत. फोनमधले नंबर बॅटरी संपली की गेले. डोंगरात फोन 'फ्लाइट मोड'वर ठेवायचा आणि उंचवट्यावर गेल्यावर सुरू करायचा. कॉल लागत नाही तिथेही कधीकधी मेसेज जातो.

वाट चुकणं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते आणि याबद्दलच घरात सगळ्यात कमी बोललं जातं. डोंगरात गुरांच्या वाटा, म्हणजे ढोरवाटा, माणसांच्या पायवाटेसारख्याच दिसतात. दहा मिनिटं छान मळलेली वाट असते, मग करवंदीच्या जाळीत विरून जाते. अशा वेळी शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली तिथवर मागे यायचं. थकलेलं डोकं सुचवतं, "हा ओढा खालीच जातो, याच्या कडेने उतरू." सह्याद्रीत हा सल्ला घातक आहे. इथले ओढे पावसाळ्यात धबधब्याने कोसळतात, म्हणजे उतरता उतरता आपण एखाद्या कड्याच्या टोकाशी येतो. खाली जाता येत नाही, घसाऱ्यावरून परत वर चढता येत नाही. अंधार पडला तर आहे तिथे सगळ्यांनी एकत्र बसून राहायचं आणि मदत मागायची. उशीर झाला म्हणून कुणी रागावणार नाही, हे वाक्य घरातून निघतानाच मुलांच्या कानावर पडायला हवं. घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने अंधारात उतरणारी मुलं असतात.

मित्र बरोबर असणं हा आधार असतो तसाच धोकाही. सहाजणांत एकाच्या गुडघ्यात कळ येत असते, पण तो बोलत नाही, कारण सगळ्यांचा बेत आपल्यामुळे फिसकटेल. दुसऱ्या एकीचं पाणी संपलेलं असतं. म्हणून तीन गोष्टी आधी ठरवून लिहाव्यात. चालायची गती सगळ्यात हळू चालणाऱ्याची. सगळ्यात शेवटी कोण चालणार त्याचं नाव, आणि त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही. आणि परत फिरण्याची वेळ : 'एक वाजता इथवर पोचलो नाही तर मागे वळायचं.' वेळ आधी ठरलेली असली की मागे फिरूया असं म्हणणारा भित्रा ठरत नाही, घड्याळच म्हणतं.

मुली असतील तर शौचाची आणि पाळीची सोय मोकळेपणाने बोला. पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत आणायचे. मुलांनाही हे माहीत असू दे.

एखाद्या व्यावसायिक गटाबरोबर जाणार असतील तर प्रश्न त्या गटाला विचारा. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी आहे का, किती मुलांमागे किती प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार कुणाला येतो. या प्रश्नांवर जो आयोजक चिडतो त्याच्याकडे मूल पाठवू नये. अभयारण्यातल्या गडांवर मुक्कामाचे नियम वेगळे असतात, ते वन विभागाकडे आधीच विचारावे.

बेतावर एक रकाना आकाशाचाही असावा. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथी बघायला सांगा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच उगवतो, चांदण्यात गड सुंदर दिसतो, पण तारे लपतात. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग पुढचं आकाश आपलं. डिसेंबरात रात्री नऊला पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं आणि त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. शहरातल्या मुलाने कृत्तिका बहुधा पुस्तकातच पाहिलेल्या असतात.

शिक्षकांसाठी, सोमवारचं थोडं. 'डोंगरावरची एक रात्र' असा निबंध दिला तर 'निसर्गाच्या कुशीत' आणि 'अविस्मरणीय अनुभव' वहीत येणारच. त्याऐवजी जाऊन आलेल्या मुलांना हे विचारा : परत येताना सॅकमधल्या कुठल्या गोष्टी न वापरताच उतरल्या? पहाटे तंबूच्या आतल्या कापडाला हात लावला तेव्हा काय लागलं? सगळ्यात हळू कोण चालत होतं, आणि त्याच्याशी कोण बोलत होतं? ठरलेल्या वेळेपेक्षा किती मिनिटं उशीर झाला, कुठे झाला? उधेवाडीत ज्यांच्या घरी जेवलात, त्यांच्याकडे पाणी कुठून येतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना देता येत नाही. अशांना पुढच्या खेपेला तो प्रश्न वहीत लिहून न्यायला सांगा.